एक्सेल फाइल आपल्याच वेबसाइटवर टाकली तर पुरे नाही का? ओबिस, जीबिफ कशाला?

तुम्ही विचारलंय की समुद्री सर्व्हेची फाइल आपल्याच साइटवर खुली ठेवली तर ओबिस (समुद्री जीवांच्या नोंदींचा जागतिक डेटाबेस) आणि जीबिफ (सगळ्याच सजीवांच्या नोंदींचा) यांच्याशी भागीदारी वगैरे कशाला. अशा फाइली साफ करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा वैतागूनच सांगतो, नाही पुरत.

एक फाइल आली होती, तारीख ०३/०४/१२. मार्च की एप्रिल, आणि साल यातलं नेमकं कुठलं? भरणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. खाली काही नोंदी शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर, म्हणजे जीपीएस लिहिलाच नव्हता आणि कोणीतरी शून्य टाकून मोकळा झाला. झाडांचा डेटा असता तर लगेच पकडलं असतं, पण ती जागा गिनीच्या आखातात येते, समुद्रातच, त्यामुळे नकाशावर सगळं ठीकठाक दिसतं! आणि रिकामी चौकट म्हणजे मासा मिळाला नाही, की शोधलाच नाही? हे वेगळं कळावं म्हणून डार्विन कोअर या, सजीवांच्या नोंदी कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या स्टँडर्डमध्ये प्रेझेंट/अ‍ॅब्सेंट असा कॉलमच आहे.

नावांचं तर विचारूच नका. लिटोरिना सॅक्सॅटिलिस नावाची एक छोटीशी समुद्री गोगलगाय आहे, तिला वेगवेगळ्या लोकांनी मिळून ११३ शास्त्रीय नावं दिलीत. तुमच्या फाइलमध्ये एक, दुसऱ्याच्या फाइलमध्ये दुसरं, तर कॉम्प्युटरला त्या दोन जाती. म्हणून वर्म्स ही समुद्री जातींची यादी आहे, तज्ज्ञ ती सांभाळतात, प्रत्येक नावाला आफिया आयडी नावाचा एक ठरलेला नंबर असतो आणि जुनं नाव टाकलं तरी आजचं मान्य नाव कुठलं ते दाखवते. हे एकट्यानं जमणार आहे का कोणाला?

भागीदारीचं खरं कारण मला विचाराल तर पैसा संपणं. ओबिस सुरू झालं ते सेन्सस ऑफ मरीन लाइफ या २००० ते २०१० च्या प्रोजेक्टमधून. प्रोजेक्ट संपला की सर्व्हर बंद पडतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, पण इथे २००९ मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगानं ते आपल्याकडे घेतलं म्हणून डेटा आज जागेवर आहे.

आणि काम दोनदा करावं लागत नाही. जीबिफही डार्विन कोअरच वापरतं, त्यामुळे तुमच्या भागातल्या ओबिस नोडकडून (म्हणजे ओबिसचं तिथलं केंद्र) आयपीटी या डेटा पब्लिश करायच्या सॉफ्टवेअरवर एकदा पब्लिश केलं की दोघंही तिथूनच उचलतात. नोडवाल्यांना कच्ची फाइल आधीच दाखवा, लाजू नका, त्यांनी याहून भयंकर पाहिलेल्या असतात. फक्त प्रत्येक नोंदीला आत्ताच कायमचा आयडी द्या आणि पुढच्या वर्षी नव्या ओळी घुसवताना तो बदलू नका, नाहीतर जुनाच मासा दुसऱ्यांदा मोजला जातो.