आयुष्यभर फक्त घर सांभाळलेल्या तुमच्या आजी-पणजीबद्दल काय आठवतं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की आजीच्या दहाव्याला तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि "तिने घर सांभाळलं" याच्यापुढे काही सुचेना. वाचून मी थांबलेच, कारण आमची मोठी माय गेली तेव्हा आमच्याकडेही अगदी हेच झालं. ओटाभर माणसं बसलेली, सगळ्यांचा कंठ दाटलेला, पण पेपरात छापायला चार ओळी लिहा म्हटलं तर कुणाला काही येईना.

मोठी माय म्हणजे माझी पणजी, आजोबांची आई, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची. जानेवारी 2022 मध्ये गेली. वय किती ते नक्की कुणालाच माहीत नव्हतं, आधारकार्डावर आपली 1 जानेवारी टाकलेली. ती एवढंच सांगायची की फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा माझे वडील गाडी जुंपून गेले होते आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर 1936 चं, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, म्हणजे लग्न 1937 चं, आणि तेव्हा ती 13-14 ची असेल तर गेली तेव्हा 98 च्या आसपास. आम्ही बसून हा हिशोब लावला तो ती गेल्यावर, तिच्यासमोर बसून लावायला हवा होता याचं मला अजून वाईट वाटतं.

माहेर यावलकडचं, तापीपल्याड. तिकडची बोली तावडी आणि इकडे सासरी सगळी अहिराणी, त्यामुळे सुरुवातीला सासू काय मागते तेच कळायचं नाही असं सांगायची. नंतर तर ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली अहिराणी बोलायची, दारात कुणीही आला, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असला तरी "बठ रे भाऊ, भाकर खाई ले" ठरलेलंच.

पणजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये, म्हणजे कापडगिरणीत, होते. घरात घड्याळ नव्हतं, मिलचा भोंगा हेच घड्याळ, पण पहाटेच्या भोंग्याच्या आधी भाकरी डब्यात पडलेली पाहिजे म्हणजे ही भोंग्याच्याही आधी उठणार, आणि ती कशावर उठायची हे कुणी कधी विचारलंच नाही. 8 मुलं झाली, 5 जगली. गेलेल्या तिघांबद्दल ती बोलायची नाही, पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सकाळी आगारी (पितरांच्या नावाने विस्तवावर घास) टाकताना पितरांच्या घासांनंतर तीन बारके घास वेगळे टाकायची ते मी स्वतः बघितलंय.

उन्हाळा हा तिचा खरा सीझन. आमच्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीच्या वर जातं आणि तेव्हा ही धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत बसलेली असायची. ज्वारी भिजवून आंबवायची, दळून तीळ-जिरं-लसूण-मिरची टाकून शिजवायची, मग ओल्या फडक्यावर थापून वाळवायची. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग चीक काढायचा. त्यातच आखाजी, लेकी माहेरी आलेल्या, आणि आठच दिवसांनी एकादशीला अमळनेरचे संत सखाराम महाराज यांचा रथ, बोरी नदीच्या पात्रात यात्रा, त्यामुळे घरात रोजचं तीस-चाळीस माणूस.

आणि मांडे, म्हणजे खापरावरच्या पातळ पुरणपोळ्या. हे नीट सांगते कारण हे मी जवळ बसून बघितलंय. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, ते तापलं का हे ती पाण्याचा शिंतोडा मारून बघायची, थेंब चर्र करून उडाला की तयार. पीठ एवढं तिंबलेलं की हातात धरलं तर लोंबेल. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायची आणि फिरवत फिरवत वाढवत न्यायची, बोटांपासून कोपरापर्यंत, पोळी हातांवर पसरून पार पातळ व्हायची आणि एका झटक्यात खापरावर. तिच्या डाव्या हाताच्या करंगळीखाली भाजल्याचा एक गुळगुळीत पट्टा होता, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसायचे. तिथे तिला काही कळायचं नाही म्हणे.

1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता येत नाही, तुटते. मोठी माय उकळत्या पाण्यात पीठ भिजवून त्या पिठाच्या भाकऱ्या करायची आणि गल्लीतल्या चार बायका ते शिकायला आमच्या चुलीपुढे बसायच्या. हे मला आजोबांनी सांगितलं, तिने नाही.

लिहिता-वाचता येत नव्हतं पण कुणी कधी काय आहेर केला ते सगळं पाठ. माझ्या चुलतभावाच्या मित्राचं लग्न निघालं तर ही आतून म्हणाली की त्याच्या आजीने तुमच्या आत्याच्या लग्नात पितळी परात दिली होती, परातच द्या आणि पितळीच द्या. चाळीस वर्षं झाली होती त्या लग्नाला. आजोबांनी आहेराची वही काढली तर खरंच, परात.

ती देवी होती असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवली आणि सुनांनाही तसंच जेवायला लावलं. एका आखाजीला घरात फार माणूस म्हणून तिने माझ्या आजीला माहेरी जाऊच दिलं नव्हतं, आणि आखाजीला माहेर नाही म्हणजे काय हे खानदेशातल्या बाईलाच विचारा. त्याच वर्षी आजीची आई गेली. आजीने ते कधी विसरलं नाही आणि मोठी मायने त्याबद्दल कधी माफी मागितली नाही.

शेवटची पाच-सहा वर्षं तिला जवळजवळ दिसत नव्हतं. तरी ताट मांडीवर घेऊन तुरीची डाळ निवडायची, चिमूट चिमूट बोटांनी पुढे सरकवायची आणि खडा आला की बोट थांबायचं. आम्ही डोळ्यांनी बघून एकदा निवडलेल्या डाळीतूनही तिने खडे काढून दिलेत.

ती गेली त्या वर्षीच्या आखाजीला तिच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मी पुण्याहून गेले होते. नैवेद्याचे मांडे करायला आजीच बसली, वय 78, गुडघे दुखतात म्हणून पाटावर पाट ठेवून. काकू म्हणाली बाजारातून विकत आणू, आता कोण एवढं करतं. आजी काही बोलली नाही. पहिला मांडा खापरावर टाकताना कडेला जरासा फाटला. तो तिने बाजूला काढून माझ्या ताटात टाकला, "मायले असा चालाव नही" म्हणाली, आणि दुसरा उंडा हातावर घेतला.