माटोळीवर पीएच.डी. होते का?

पत्र: "आमची मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. मध्यंतरी कॉलेजवाल्यांनी त्यांना विद्यापीठ दाखवायला ताळगाव पठारावर नेलं. तिथे कोणी खारफुटीतले जिवाणू बघतोय, कोणी जुन्या गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचे हिशेब वाचतोय, कोणी जागर या लोकनाट्यावर लिहितोय. हे सगळं एकाच आवारात! तेव्हापासून ती म्हणते, मला संशोधनच करायचंय, आणि विषय काय तर आपली चवथीला गणपतीच्या वर टांगायची रानफळा-पानांची माटोळी. तिचे बाबा हसले. म्हणाले, माटोळीवर कोण पीएच.डी. देणार? मुकाट्यानं बी.एड. कर. दोघांचं बोलणं बंद आहे. मी काय सांगू?" – एक आई, डिचोली

ताई, आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांनी चेष्टेनं विचारलं असेल, पण माटोळीवर पीएच.डी. होऊ शकते. तीसुद्धा एका नाही, तीन-चार वेगवेगळ्या विभागांतून. गंमत म्हणजे त्या तीन-चार जणांना एकमेकांचा प्रबंध धड वाचताही येणार नाही.

बघा ना. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी माटोळीखाली उभा राहिला तर कवंडळ, आटकां, घागऱ्यो, कांगलां यांची शास्त्रीय नावं शोधेल आणि यांतलं रानात अजून किती शिल्लक आहे ते विचारेल. भाषेचा विद्यार्थी त्याच फळाला सत्तरीत काय म्हणतात आणि काणकोणात काय, हे टिपत बसेल. अर्थशास्त्रवाला माटोळीकडे बघणारच नाही. तो चवथीच्या आदल्या दिवशी तुमच्या डिचोलीच्या बाजारात जाऊन बसेल आणि रानातून माल घेऊन आलेल्या बाईच्या हातात संध्याकाळी किती पैसे उरले ते मोजेल.

इतिहासवाल्याचं काम मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतं. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, एक लांबलचक फर्मान काढलं. हिंदूंच्या वळणाचं काय काय करायचं नाही, त्याची ती जंत्री होती. घराभोवती तुळस लावायची नाही, हे त्यातलंच एक. बंदी घालणाऱ्यांनी चालीरीती इतक्या बारकाईनं लिहून ठेवल्या की आज त्या काळचं घर कसं होतं हे शोधणाऱ्याला तोच कागद पुरावा म्हणून हाती लागतो.

तेव्हा विद्यापीठात तुमच्या मुलीला जी सरमिसळ दिसली, तिला गोंधळ समजू नका. आणि ती ताळगावापुरती नाही. वास्कोच्या सड्यावर ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना आत उणे 20 अंशांत अंटार्क्टिकाचा बर्फ जपून ठेवलेला असतो, कारण त्या बर्फात अडकलेल्या हवेवरून आणि धुळीवरून जुनं हवामान वाचता येतं. दोनापावलाला 1966 साली स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथे लाटा, मासे, समुद्रतळाची माती यांच्याबरोबर बुडालेली जहाजं शोधणारेही आहेत. जुन्या गोव्यात किनारी शेतीचं केंद्र आहे. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतातला खारट पाण्यात तग धरणारा कोरगुट भात ठाऊक असेल, तशा भातावर तिथे काम चालतं. आणि पणजीला पुराभिलेख खातं. त्याची सुरुवात 1595 सालची, आत पोर्तुगीज कागदांचे डोंगर आणि मोडी दप्तरंही. तुमच्याच डिचोलीतल्या पिळगावच्या पां. स. पिसुर्लेकरांनी तिथे उभी हयात काढली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास दोन्हीकडच्या कागदांतून मांडला. या सगळ्या ठिकाणी तुमच्या घरून निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल. अर्थात मांडवीच्या पुलावर अडकला नाहीत तर!

आता मुद्द्याचं. पालक माझ्याकडे येतात ते विषयांची यादी घेऊन. "यातल्या कशाला स्कोप आहे, खूण करून द्या." पूर्वी मीही करून द्यायचो. पेडण्याच्या एका मुलाला मी रसायनशास्त्र सुचवलं, कारण तेव्हा औषध कंपन्यांची चलती होती. एम.एस्सी.त प्रयोगशाळेचा दिवस आला की याचं डोकं दुखायचं. शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी खाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी गोळा करायला दारोदार हिंडला आणि पोरगा बदलला. म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचा, कुठली विहीर कधी आटली ते त्याला तोंडपाठ. आज तो भूजलाच्या कामात आहे. विषय त्याचा बरोबर होता की चूक, मला अजून सांगता येत नाही. पण त्याचा हात कशात चालतो, हे मी विचारलंच नव्हतं.

विषय हजार असतात, काम करायच्या रीती मात्र मोजक्याच. कोणी रान तुडवतो, माणसांना विचारतो. कोणी जुन्या कागदाशी तासन् तास बसतो. कोणी प्रयोगशाळेत एकच गोष्ट पन्नासदा करतो आणि कंटाळत नाही. कोणी आकडे मांडतो. कुठल्याही विभागाचं दार उघडा, आत यांतलंच काहीतरी चाललेलं असतं.

एकच रीत किती लांब नेते याचा दाखला आपल्याच मातीतला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी 1907 साली गोव्यात जन्मले. माणूस गणिताचा. वडील सांखवाळचे, पाली भाषेचे मोठे पंडित. मुलानं तक्षशिलेला सापडलेली जुनी चांदीची नाणी तराजूत घालून एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, झिजतं तसं हलकं होतं. म्हणजे वजनावरून कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, याचा अंदाज संख्याशास्त्रानं बांधता येतो. याच माणसानं 1940 च्या दशकात गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं. ते आजही त्यांच्याच नावानं वापरलं जातं. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. नाणी, जनुकं, संस्कृत! यादीवर बोट ठेवून कुठल्या समुपदेशकानं हे सुचवलं असतं? माझी तर छाती झाली नसती.

तुमच्या मुलीला कोसंबी व्हायला सांगत नाही. तिला एवढंच विचारा: माटोळीतलं तुला नेमकं काय आवडतं? रानात जाऊन वेल शोधणं, आजीला नावं विचारणं, की घरी येऊन पान-फूल ताडून बघणं? उत्तर देताना तिचे डोळे कुठे चमकतात ते बघा. मला वाटतं, पहिलं किंवा दुसरं असेल. तसं असेल तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या चकचकीत प्रयोगशाळेनं भुलू नये.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. पीएच.डी.ला नियमानं किमान तीन वर्षं लागतात, सहा वर्षांपर्यंत मुदत असते, आणि मुलींना दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासूनच्या दरानं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं वेगळं. ती मिळाली नाही तर हात आखडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. एका मार्गदर्शकाकडे प्राध्यापक असला तरी आठच विद्यार्थी, सहायक प्राध्यापकाकडे चारच. म्हणून विषयाच्या आधी माणूस बघा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा की प्रबंध किती वर्षांत झाला, आणि सर किंवा मॅडम मजकूर वाचून किती दिवसांत परत देतात. एवढा एक प्रश्न पुष्कळ सांगून जातो.

तातडीची गोष्ट अशी की तिचा निर्णय आज पीएच.डी.चा नाहीच. पदवीच्या नव्या चार वर्षांच्या रचनेत पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. कॉलेजात ती सोय आहे का, हे याच आठवड्यात विचारा. असेल तर ते वर्ष म्हणजे तिची आणि बाबांची दोघांचीही परीक्षा होऊन जाईल. विषय छोटा घ्यावा: एक गाव, एक चवथ, माटोळीतली प्रत्येक वनस्पती. नमुना कागदात दाबून वाळवायचा, तारीख, जागा, कोणी सांगितलं आणि काय नावानं सांगितलं ते चिकटवायचं. जैवविविधता कायद्याखाली पंचायतींच्या लोकनोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदी असतात, तिथेही हेच काम लागतं. त्याच वर्षी लाइफ सायन्सेसची सीएसआयआर-नेट ही जेआरएफसाठीची परीक्षा एकदा देऊन बघावी. नाही जमलं, मन लागलं नाही, तर बी.एड. कुठे पळून जात नाही, आणि रान ओळखणारी शिक्षिका कुठल्याही शाळेला हवीच असते.

पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही जाता जाता लिहिलंय की माटोळी दरवर्षी बाबाच बांधतात आणि अर्धं सामान बाजारातून न आणता स्वतः रानातून आणतात. मग अबोला मोडायची सोय घरातच आहे. मुलीच्या हातात वही द्या आणि घागऱ्यो कुठल्या डोंगरावरून आणतात, ते बाबांना विचारायला लावा. पहिली नोंद त्यांच्या नावावर पडू दे.