फोटो आपला, प्रिंट परस्पर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अल्बमच्या पैशांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावरून फोटो कुणाचा आणि त्याच्या प्रिंट कुणी काढायच्या याबद्दल इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. फोटो काढणारे, काढून घेणारे, प्रिंट करून देणारे, तिघांनीही लिहिलंय. नावं छापत नाही.

प्रश्न: मी घरगुती पोर्ट्रेट आणि लहान मुलांचे फोटो काढते. एका कुटुंबाला निवडीसाठी चाळीस फोटो मोबाइलवर पाठवले होते. त्यांनी माझ्याकडून फक्त दोन प्रिंट घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्या घरी जायचा योग आला तर हॉलमध्ये आणखी पाच फोटो मोठे करून, फ्रेम करून लावलेले. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर टाकलेलं माझं फिकट नाव, कुठल्यातरी ॲपने पुसलेला. मी काही न बोलता परत आले, पण रात्रभर झोप नाही लागली. आता भांडू का सोडून देऊ?

ताई, तुमची ती रात्र मला कळते, कारण मीही असाच एका भिंतीसमोर उभा राहिलोय. माझाच फोटो होता, आजी आणि नात, खिडकीजवळ बसवून काढलेला. वॉटरमार्क पुसला होता पण नातीच्या कानाजवळच्या केसांत माझ्या नावाचं शेवटचं अक्षर पुसट राहून गेलं होतं, आणि आजीच्या गालावरच्या ज्या सुरकुत्यांसाठी मी तासभर उजेडाची वाट बघत बसलो होतो त्यांचा नुसता पिवळट लगदा झालेला. कडेला आजीचा हात अर्धा कापलेला. पैसे बुडाल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त हे वाटलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार कुणी काढला, आणि ते माझं नाव सांगणार.

भांडू नका आणि सोडूनही देऊ नका, मधला रस्ता आहे.

आधी तुमच्याकडे लेखी काय आहे ते शोधा. कोटेशन, मेसेज, पावती, काहीही. 'हे फोटो फक्त निवडीसाठी आहेत, प्रिंट माझ्याकडूनच' असं कुठे एक ओळ तरी लिहिलंय का? ते चॅट डिलीट होऊ देऊ नका, मूळ रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून आलेल्या, काहीही न बदललेल्या) जपून ठेवा, कारण रॉ फाइल ज्याच्याकडे त्यानेच फोटो काढला हे दाखवणं फार सोपं जातं. मग त्यांना फोन करण्याऐवजी मेसेज करा, फोनवर आवाज चढतो आणि नंतर कोण काय बोललं याला पुरावा राहत नाही. साधारण असं लिहा: 'तुमच्याकडे फोटो लावलेले बघितले, तुम्हाला ते आवडले याचा आनंद आहे. फक्त हे पाच फोटो निवडीसाठी पाठवले होते, प्रिंटसाठी नव्हते, आणि छोट्या फाइलवरून काढल्यामुळे ते धुरकट आलेत. मी हे पाच नीट प्रिंट करून देते, नेहमीचा दर लागेल. किंवा फाइल्स हव्या असतील तर त्याचा वेगळा दर सांगते.' एवढंच. चोरी, कायदा, नोटीस हे शब्द पहिल्या मेसेजमध्ये नकोत. बहुतेक घरांत हे लबाडीने झालेलं नसतं, फोनमध्ये आलेला फोटो म्हणजे आपला असं लोकांना खरंच वाटतं, आणि आपण सांगितलेलंच नसतं.

उत्तर उद्धट आलं किंवा आलंच नाही आणि तुमच्याकडे लेखी काही असेल (नसेल तर मालकी कुणाची ते पुढच्या उत्तरात बघा) तर वकिलाची नोटीस हा पुढचा टप्पा, पण पाच प्रिंटसाठी तो खर्च आणि मनस्ताप परवडतो का ते स्वतःशी प्रामाणिकपणे बघा. तेच फोटो त्यांनी एखाद्या दुकानाला किंवा शाळेला जाहिरातीसाठी दिले असतील तर मात्र गप्प बसू नका, तिथे दुसरा कुणीतरी तुमच्या कामावर धंदा करतोय.

आता पुढच्या शूटसाठी. निवडीचे फोटो मोठे पाठवूच नका. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) धरतात, म्हणजे ८ बाय १० इंचाच्या प्रिंटला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. तुम्ही लांब बाजू ८०० पिक्सेल ठेवून पाठवलीत तर त्या हिशेबाने पावणेतीन इंचसुद्धा भरत नाही, फोनवर निवड करायला मात्र तेवढं पुरतं. हल्ली फाइल मोठी करून देणारी ॲप आहेत, पण ती जे तपशील भरतात ते मनाने भरतात, डोळ्यांच्या पापण्या आणि दात बघितले की लगेच समजतं. वॉटरमार्क कोपऱ्यात घालणं म्हणजे कात्रीला आमंत्रण, तो कपड्यांवरून चेहऱ्याच्या कडेपर्यंत आडवा न्या, फिकट चालेल. शक्य असेल तर निवड समोर बसवूनच करा, तुमच्या स्क्रीनवर, अर्धा तास जातो पण फाइल हाताबाहेर जात नाही आणि खरं सांगायचं तर लोक प्रिंटही जास्त घेतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र मला दुसरीकडेच दिसते. तुम्ही शूटचे पैसे नाममात्र घेता आणि कमाई प्रिंटवर काढता, हो ना? निगेटिव्ह आपल्या कपाटात असायची तेव्हा हे चालायचं, दुसरी प्रत हवी तर माणूस आपल्याकडेच यायचा. आता प्रिंट कुणीही काढू शकतो, म्हणून तुमची मेहनत, वेळ, नजर यांचे पैसे शूटमध्येच घ्या, अर्धे आधी, उरलेले निवडीच्या दिवशी. मग एखादी प्रिंट परस्पर निघाली तरी पोटावर पाय येत नाही.

प्रश्न: क्लायंट म्हणतो चेहरा माझा, पैसे मी दिले, मग फोटोही माझाच. मी म्हणतो काढला मी, कॉपीराइट माझा. कोण बरोबर?

तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं उत्तर देतोय: कुठल्या देशात आहात आणि काय लिहून घेतलंय यावर आहे.

फोटो ही कलाकृती आहे आणि तिला निर्माता असतो हे कोर्टाने मान्य करायलाही झगडावं लागलंय. अमेरिकेत नेपोलियन सरोनी नावाच्या फोटोग्राफरने १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले, एका लिथोग्राफ (दगडी छपाई) कंपनीने त्यातल्या एकाच्या न विचारता ८५,००० प्रती छापल्या. कंपनीचं म्हणणं की यंत्राने टिपलेल्या चित्राला कसला आलाय लेखक. १८८४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला, बसवणं, कपडे, पडदे, उजेड-सावली हे सगळं त्याच्या डोक्यातून आलं म्हणून. आपण मॉडेलची हनुवटी बोटभर खाली करायला सांगतो ना, त्याच कामाबद्दल आहे तो निकाल.

पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक कोण, यावर देशादेशांत फरक आहे. ब्रिटनमध्ये १९८८ चा कायदा लागू झाल्यापासून हक्क फोटोग्राफरचा, मात्र घरगुती कामासाठी काढून घेतलेला फोटो क्लायंटच्या मर्जीशिवाय लोकांसमोर मांडता येत नाही, म्हणजे हक्क तुमचा असला तरी त्यांचा खासगीपणा त्यांचाच. कॅनडानेही २०१२ मध्ये मालकी फोटोग्राफरकडे दिली. ऑस्ट्रेलियात वेगळा करार नसेल तर घरगुती कामासाठी काढून घेतलेल्या फोटोचा मालक क्लायंट. आणि भारतात, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक तो सांगणाराच! आपले कितीतरी मित्र हे न वाचताच 'कॉपीराइट माझा' म्हणून छातीठोक बोलतात आणि मग वकिलाकडे गेल्यावर तोंड उतरतं. नावाचा हक्क मात्र राहतो, कलम ५७ प्रमाणे फोटो तुम्ही काढला हे सांगायचा आणि कुणी मोडतोड करून तुमचं नाव खराब केलं तर हरकत घ्यायचा हक्क मालकी गेली तरी जात नाही.

त्या कलमातले 'उलट काही ठरलेलं नसेल तर' हे शब्द आपल्यासाठी ठेवलेले आहेत असं समजा. एक पान पुरे. त्यात लिहा: 'या छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला दिलेल्या फाइल्स घरगुती वापरासाठी आहेत, त्यांच्या प्रिंट काढता येतील / येणार नाहीत. विक्री, जाहिरात किंवा स्पर्धेसाठी वापरायच्या असल्यास लेखी परवानगी लागेल. छायाचित्रकाराला आपल्या कामाचा नमुना म्हणून हे फोटो दाखवायचे असल्यास ग्राहकाची परवानगी आहे / नाही.' दोघांच्या सह्या, तारीख, आणि हे शूटच्या आधी, नंतर नाही. तिरक्या रेघेपाशी एक पर्याय खोडायचा आणि तो खोडताना क्लायंटला मोठ्याने वाचून दाखवायचा. सहीपेक्षा त्या वाचण्यानेच निम्मे वाद मिटतात हा माझा अनुभव आहे. ते शेवटचं वाक्यही गाळू नका, आपण त्यांच्याकडून अपेक्षा करतो तर त्यांच्या मुलांचे फोटो न विचारता आपल्या पेजवर टाकायचा आपल्याला तरी काय हक्क?

प्रश्न: फोटोवर ते वर्तुळातलं सी चिन्ह टाकलं नाही किंवा नोंदणी केली नाही तर हक्क जातो का?

नाही जात. १८८६ च्या बर्न कराराने, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराने, बांधलेल्या देशांत (म्हणजे जवळपास सगळ्याच) शटर दाबलं की हक्क तयार होतो. तरी चिन्ह, नाव आणि वर्ष टाका, समोरच्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये कॉपीराइटसाठी जागा असते, तिथे एकदा नाव भरून ठेवलं की प्रत्येक फाइलमध्ये आपोआप जातं. मेसेजिंग ॲपवरून पाठवताना ही माहिती बऱ्याचदा गळून पडते, म्हणून मूळ फाइल तुमच्याकडे हवीच. नोंदणीचं म्हणाल तर अमेरिकेत तिचा मोठा फायदा आहे, तिथल्या फोटोसाठी दावा लावायला ती लागतेच आणि वेळेत केलेली असेल तर नेमकं किती नुकसान झालं ते सिद्ध न करताही भरपाई मागता येते. बाकी जिथे नोंदणीची सोय आहे तिथे ती पुरावा म्हणून कामाला येते.

प्रश्न: मी प्रिंटिंग लॅब चालवतो. लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात, फोटो कुणाचा हे मी कसं ओळखायचं? प्रत्येकाला हटकलं तर गिऱ्हाईक शेजारी जाईल.

तुम्ही हा प्रश्न विचारलात यासाठीच आधी मनापासून आभार, दादा. प्रत्येकाला हटकू नका, पण काही फोटो स्वतःच ओरडून सांगतात. वॉटरमार्क पुसल्याचा डाग, काचेमागच्या प्रिंटवरून मोबाइलने काढलेला फोटो ज्यात कोपऱ्यात ट्यूबलाइटची रेघ चमकतेय, मागे स्टुडिओचा शिक्का असलेली प्रिंट स्कॅन करायला आणलेली, किंवा स्टुडिओच्या लाइटमधला फोटो पण फाइल एवढीशी. अशा वेळी एकच प्रश्न विचारा, 'फोटोग्राफरने प्रिंट काढायला परवानगी दिल्याचा मेसेज आहे का?' असेल तर तो तुमच्या नंबरवर पाठवायला सांगा आणि ऑर्डरसोबत ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नसेल तर फोटोग्राफरला तिथूनच फोन लावायला सांगा, दहातले कितीतरी हो म्हणतील. अमेरिकेत १९९४ साली एका अपील कोर्टाने स्टुडिओच्या पोर्ट्रेटच्या प्रती काढून देणाऱ्या लॅबविरुद्ध निकाल दिला होता, ग्राहकाच्या घरगुती वापरासाठी काढून दिल्या हा बचाव चालला नाही, कारण लॅबने त्या पैसे घेऊन काढल्या होत्या. म्हणजे जबाबदारी फक्त आणणाऱ्यावर ढकलून मोकळं होता येत नाही.

आणि फोटोग्राफर वाचकांनो, ज्यांना प्रिंटची परवानगी दिलीय त्यांना ती दोन ओळीत लिहून द्या ना, काउंटरवरच्या माणसाने कसं ओळखायचं?

प्रश्न: आई-वडिलांचा पन्नास वर्षांपूर्वी भारतात स्टुडिओत काढलेला एकच फोटो आहे, आता कोपरे तुटायला लागलेत. मला भावंडांसाठी तीन प्रती हव्यात पण लॅबवाल्याने मागचा शिक्का बघून नकार दिला. तो स्टुडिओ केव्हाच बंद झालाय. मी काही चूक करतेय का?

अजिबात नाही, आणि वाईट वाटून घेऊ नका, त्या लॅबवाल्याने काळजीपोटीच विचारलं असणार. वर सांगितलेलं कलम १७ इथे तुमच्या बाजूने उभं आहे, वडिलांनी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर मालक तेच, त्यांच्यामागे तुम्ही भावंडं. लॅबवाल्याला हे सांगा आणि 'हा आमचा कौटुंबिक फोटो आहे, प्रती घरच्यांसाठी हव्यात' असं सही करून लिहून द्या, तोही निर्धास्त होईल. शिक्क्यावर पत्ता असेल तर एकदा चौकशीही करून बघा, स्टुडिओवाल्याच्या घरी कधीकधी निगेटिव्ह जपलेली असते आणि तिच्यावरून निघालेली प्रिंट स्कॅनपेक्षा कितीतरी स्वच्छ येते.

फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करून घ्या. चांगला सुटा असेल तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करायला सांगा म्हणजे दुप्पट मोठी प्रिंटसुद्धा नीट येते. आणि मागची बाजूही स्कॅन करा, तो शिक्का दिसेल अशी, तिन्ही प्रतींच्या मागे त्या स्टुडिओचं नाव हाताने लिहा. ज्याने तुमच्या आईला त्या दिवशी हसवलं त्याचं नाव बहुधा आता तेवढ्याच एका जागी उरलंय.