लिफ्टचे हप्ते, वॉचमनची पगारवाढ आणि बजेटचं सॉफ्टवेअर

प्रश्न: डोंबिवलीत आमची 60 फ्लॅटची सोसायटी आहे, मी खजिनदार (कोणीच तयार नव्हतं म्हणून गळ्यात पडलं). दोन्ही लिफ्ट बदलायच्यात, कोटेशन 28 लाखांचं, त्यातले 16 लाख दुरुस्ती निधीतून निघतील, उरलेले 12 लाख सभासदांकडून हप्त्याने घ्यायचे. सध्या मेंटेनन्स महिना 6,800 आहे. त्यात सिक्युरिटी एजन्सीने पण वाढ मागितलीय, आत्ता महिना 1 लाख 20 हजार जातात. मीटिंगमध्ये प्रत्येकजण विचारतो असं केलं तर किती आणि तसं केलं तर किती. एक मेंबर म्हणतात वर्षाची फी भरून प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घ्या, अकाउंटंट म्हणतो टॅलीतच होईल, भाचा म्हणतो एक्सेल बास. कोणाचं ऐकू?
– एक खजिनदार

उत्तर: खजिनदारसाहेब, भाच्याचं ऐका.

टॅली झालेले व्यवहार नोंदवायला उत्तम, त्यात बजेट टाकून खर्चाशी ताडूनही बघता येतं, सिनारिओची (असं झालं तर काय, ते बघायची) सोयसुद्धा आहे, पण ती व्हाउचरवर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींवर चालते, त्यामुळे 'हप्ते 24 ऐवजी 36 केले तर' असल्या प्रश्नाला तिथे फार खटपट पडते. अ‍ॅनाप्लान किंवा वर्कडे अ‍ॅडॅप्टिव्हसारखी सॉफ्टवेअरं वीस डिपार्टमेंट आपापले आकडे भरतात अशा कंपन्यांसाठी. तुमच्याकडे बदलणारे आकडे चार-पाच आणि भरणारा माणूस एक, त्याला कशाला वर्षाची फी.

एक्सेलमध्ये आधी सगळे बदलणारे आकडे (हप्त्यांचे महिने, एजन्सीची वाढ, निधीतून किती) एका छोट्या चौकटीत काढा, फॉर्म्युल्यात आकडा थेट टाइप करायचा नाही, हे केलं नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या उपयोग शून्य. मग डेटा टॅबवर व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिसमध्ये डेटा टेबल आहे, तुमच्यासाठी खरं काम तेच करेल. वर आडवे महिने, बाजूला वाढीचे टक्के, मध्ये दर फ्लॅटचा आकडा आपोआप भरतो. फक्त ती बदलणारी चौकट आणि टेबल एकाच शीटवर पाहिजे, नाहीतर चालत नाही.

तुमचेच आकडे घेऊ. 12 लाख 24 महिन्यांत म्हणजे दर फ्लॅट 833, मेंटेनन्स गेला 7,633 वर. आता उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर असेल (तुमची आहेच) आणि मेंटेनन्स महिना 7,500 च्या पुढे गेला की 18 टक्के जीएसटीचा विषय येतो, म्हणजे सभेत आरडाओरडा नक्की. 36 महिने केले तर हप्ता 556, एकूण 7,356, वाचलो असं वाटतं, पण एजन्सीला 8 टक्के वाढ दिली की फ्लॅटमागे 160 वाढले, झाले 7,516! 5 टक्के दिली तर 7,456, आत. हे दोन्ही आकडे एकत्र हलवल्याशिवाय दिसतच नाही. किती टक्क्यांपर्यंत देता येईल हे गोल सीकला (त्याच व्हॉट-इफमध्ये आहे, उत्तर ठरवून दिलं की आकडा उलटा काढून देतो) विचारा, तो सुमारे 7.2 सांगेल. पण लिफ्टची वर्गणी त्या 7,500 मध्ये धरायची की नाही ते सीएकडून लेखी घ्या आणि तेही चौकटीत हो/नाही असं ठेवा.

सिनारिओ मॅनेजर पण आहे, त्यात एका सिनारिओत 32 सेलपर्यंत बदलता येतात, पण त्याची समरी एकदा काढली की गोठते, नंतर आकडा बदलला तरी ती जुनीच राहते, कोणीतरी तीच प्रिंट घेऊन सभेत भांडायला येतं. म्हणून मला ते फारसं आवडत नाही.

एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, गोल सीक, सिनारिओ सगळं त्यात आहे, डेटा टेबलला तिथे मल्टिपल ऑपरेशन्स म्हणतात. गूगल शीट्स कमिटीत शेअर करायला मस्त, कोणी काय बदललं तेही दिसतं, पण तयार डेटा टेबल त्यात नाही, फॉर्म्युले हातानेच ओढावे लागतील.

अजून एक, लिफ्टवाला तुमच्या 36 महिन्यांसाठी थांबणार नाही. त्यामुळे या टेबलच्या शेजारी महिनावार जमा, खर्च आणि बँकेतली शिल्लक असा दुसरा तक्ता कराच, शिल्लक ज्या महिन्यात शून्याखाली जाते तो सेल लाल करा आणि त्या महिन्यात एफडी मोडायची की कर्ज घ्यायचं हा प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेत आधीच टाका.