नोकरी एकाची, स्थलांतर चौघांचं

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक ताईंनी लिहिलंय: "यांना डॅलसला चांगली नोकरी मिळाली. शाळा सुरू व्हायच्या आत डॅलसजवळच्या फ्रिस्कोला जायचं ठरतंय. मुलगी नववीत आहे, मुलगा पाच वर्षांचा. माझं काम घरूनच असतं, ते तिकडूनही चालेल. आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. सगळे म्हणतात, टेक्सासमध्ये टॅक्स नाही, घरं मोठी, आपली माणसं भरपूर, मग काळजी कसली? पण मुलगी धड बोलत नाहीये आणि मलाही रात्र रात्र झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात मुलीपासून आणि तुमच्यापासून करा. ज्याच्या नोकरीसाठी घर हलतं त्याला पहिल्या सोमवारी टीम मिळते, जेवायला सोबत मिळते, कामात मान मिळतो. पाच वर्षांच्या मुलाला वर्ग मिळतो आणि महिन्याभरात तो रुळतो. घरून काम करणारी आई आणि पंधराच्या उंबरठ्यावरची मुलगी, या दोघींना मात्र यातलं काहीही आयतं मिळत नाही. तुमचं जुनं काम चालू राहणार हे पगाराच्या दृष्टीने उत्तमच. पण त्यामुळेच नव्या गावात दिवसभरात एकही माणूस न भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त तुमची आहे. म्हणून घर निवडताना यजमानांचं ऑफिस किती लांब, हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी मुलीची शाळा, मग तुम्हाला पायी किंवा पाच मिनिटांत पोचता येतील अशी ग्रंथालय, जिम, बाग, ओळखीचं एखादं घर. आणि दुसरी गाडी पहिल्या आठवड्यातच घ्या, "बघू पुढे" म्हणू नका. एडिसनला ट्रेन तरी आहे. फ्रिस्कोत गाडीशिवाय बाई घरात अडकते.

मुलीचं जरा सविस्तर लिहिते, कारण दहावीत शाळा बदलणं सोपं नाही. न्यू जर्सीतली शाळा जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालते आणि टेक्सासमध्ये ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होते, म्हणजे हातात जेमतेम सात-आठ आठवडे. त्यातही मार्चिंग बँडचे सराव शाळेच्या आधीच सुरू होतात. ती वाजवत असेल तर आत्ताच तिथल्या बँड डायरेक्टरला ईमेल करायला सांगा. तिने स्वतः करावी, तुम्ही नको. एखादा खेळ खेळत असेल तर आधीच्या शाळेतल्या सहभागाचा फॉर्म लागतो, तो दोन्ही शाळांकडून भरून घ्यावा लागतो.

ट्रान्सस्क्रिप्ट घेऊन नव्या शाळेच्या काउन्सेलरशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: न्यू जर्सीतले ऑनर्सचे गुण इथल्या वर्गक्रमात (क्लास रँकमध्ये) कसे धरणार? टेक्सासात या क्रमाला फार वजन आहे. १९९७च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाने ही मर्यादा २०२६च्या प्रवेशापासून पाच टक्क्यांवर आणली आहे. स्पर्धेच्या शाळेत दहावीत शिरलेल्या मुलीला या शर्यतीची भीती घालू नका, पण नियम तुम्हाला माहीत हवेत. टेक्सासमध्ये सलग बारा महिने राहिलं की विद्यापीठात रहिवाशांसाठीच्या कमी फीचा विचार होतो. तिच्या हाती तीन वर्षं आहेत, त्यामुळे घाई नाही. व्हिसावरच्या मुलांचे नियम तेवढे विद्यापीठाकडूनच समजून घ्या.

आणि तिला खरोखर आवडेल अशी एक गोष्ट: टेक्सासमध्ये ड्रायव्हिंगचा कोर्स लावला की पंधराव्या वर्षी लर्नर लायसन्स मिळतं. न्यू जर्सीत त्यासाठी सोळा पूर्ण व्हावे लागले असते.

तिचा राग मात्र लगेच विझवायला जाऊ नका. "तिकडे मोठी खोली मिळेल" हे तिच्या मैत्रिणींचं उत्तर नाही. निरोपासाठी तिला वेळ द्या, घर बघायला जाताना तिला बरोबर न्या, आणि दिवाळीच्या किंवा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत एडिसनला परत यायचं तिकीट निघण्याआधीच काढून ठेवा.

धाकट्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. न्यू जर्सीतल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ही तारीख १ ऑक्टोबर असते. त्याला पाच पूर्ण आहेतच, तरी वाढदिवस सप्टेंबरमधला असेल तर कुठल्या वर्गात बसवतील याची आधी चौकशी करा. लसीकरणाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, ट्रकमध्ये नको.

आता कागदपत्रं. यात भावनेला जागा नाही, फक्त तारखा पाळायच्या. नव्या कंपनीने यजमानांच्या एच-१बीचा अर्ज डॅलसच्या पत्त्यासाठी, कामाला सुरुवात व्हायच्या आधी दाखल केलेला असला पाहिजे. पावती स्वतः बघा. ग्रीन कार्डची लेबर सर्टिफिकेशन (कामगार खात्याची मंजुरी) मालक आणि कामाची जागा या दोन्हींना बांधलेली असते, त्यामुळे ती प्रक्रिया बहुधा नव्याने करावी लागेल. आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर असेल तर जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, साधारणपणे टिकते. हे वकिलाकडून लेखी घ्या. तुमचं एच-४ ईएडी (जोडीदाराच्या व्हिसावर मिळणारा कामाचा परवाना) असेल तर ते एका मालकाला बांधलेलं नसतं, चिंता नको. घर बदलल्यापासून दहा दिवसांत एआर-११ हा पत्ता बदलल्याचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, आणि नागरिक नसलेल्या प्रत्येकाचा वेगळा, मुलांचाही. बरेच जण फक्त स्वतःचा भरतात. गाडीची नोंदणी तीस दिवसांत, लायसन्स नव्वद दिवसांत.

"टेक्सासमध्ये टॅक्स नाही" हे वाक्य अर्धंच खरं. पगारावर राज्याचा कर नाही, पण मालमत्ता कर भरभक्कम असतो आणि घराच्या हप्त्यात मिसळला की डोळ्यांत भरतो. पहिलं वर्ष भाड्याने राहा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कुठल्या वस्तीत आपलं मन लागतं हे एका शनिवार-रविवारच्या फेरीत कळत नाही. पुढे घर घेतलंत तर काउंटीच्या अप्रेजल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाकडे) होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या करसवलतीचा अर्ज करायला विसरू नका. तो फुकट असतो. त्याने कर कमी होतो आणि करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढत नाही. एडिसनचं घर विकणार असाल तर क्लोजिंग (विक्रीचा अंतिम व्यवहार) न्यू जर्सी सोडण्याआधी होतंय का ते बघा. अनिवासी म्हणून विकलंत तर अंदाजे कर तिथल्या तिथे भरावा लागतो, किमान विक्रीच्या किमतीच्या दोन टक्के. नंतर हिशेबात तो वळता होतो, पण ऐन स्थलांतरात तेवढी रक्कम अडकते. तुमच्या कंपनीलाही पत्ता बदलल्याचं कळवा आणि पुढच्या पे-स्लिपवर न्यू जर्सीची कपात थांबली का ते तपासा.

सामानाच्या ट्रकबाबत सावध राहा. राज्याबाहेर नेणाऱ्या कंपनीकडे यूएसडॉट (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी) क्रमांक हवा, तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. खर्चाचा नॉन-बाइंडिंग (बंधनकारक नसलेला) अंदाज असेल तर सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. "विमा फुकट" म्हणतात तो पौंडाला साठ सेंटच्या हिशेबाने असतो, म्हणजे टीव्ही फुटला तर हातात चहापाण्याचे पैसे. पूर्ण किमतीचं संरक्षण घ्या. दागिने, पासपोर्ट आणि आईने दिलेली पितळी भांडी तुमच्या गाडीतून जाऊ देत. कंपनी खर्च देत असेल तर तो २०१८पासून करपात्र आहे, त्या कराची भरपाई देणार का हेही आत्ताच विचारा.

तिथे गेल्यावर काही गोष्टी नव्या वाटतील. वीज कुठल्या कंपनीची हे डॅलसच्या बऱ्याच भागात आपण निवडायचं असतं, तेव्हा स्थिर दराचा करार घ्या. तळघर सहसा नसतं. म्हणून वादळाचा भोंगा वाजला की घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत जायचं, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवून ठेवा. भारत तिथून आणखी एक तास पुढे जातो, तेव्हा आजी-आजोबांच्या फोनची वेळ आधीच नव्याने ठरवा.

आपल्या माणसांबद्दल. डॅलस-फोर्टवर्थ भागात महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी शाळा आहेत. नाव नोंदवून गणपतीची वाट बघत बसू नका. जाण्याआधीच लिहा की आम्ही येतोय, मला कामाला घ्या. जेवण वाढायला, शाळेत शिकवायला, मंचामागे, काहीही. प्रेक्षक म्हणून गेलेल्या माणसाची ओळख हसण्यापुरती राहते. चार शनिवार एकत्र खुर्च्या लावल्या की रात्री अकराला फोन करता येईल अशी दोन माणसं मिळतात, आणि तुम्हाला खरी गरज त्यांची आहे. मुलीला मात्र मंडळात ओढू नका. तिची माणसं तिला शाळेत शोधू द्या.

शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले तरी ती जेवत-झोपत नसेल, खोलीबाहेर येत नसेल, तर "लागेल हळूहळू सवय" म्हणून थांबू नका. शाळेच्या काउन्सेलरला आणि डॉक्टरला भेटा. अगदी अडचणीच्या वेळी मानसिक आधारासाठीचा ९८८ हा फोन क्रमांक दिवसरात्र चालतो. तुमच्या झोपेलाही हेच लागू आहे.

आणि आज रात्री यजमानांशी एवढं बोला: जॉइनिंगची तारीख एक आठवडा पुढे मागायची. ट्रक आल्यावर पहिले सात दिवस त्यांनी घरी असावं, शाळेच्या नावनोंदणीला बरोबर यावं, तुमच्यासाठी गाडी बघायला यावं. ऑफर स्वीकारताना ही मागणी सहसा मान्य होते. एकदा रुजू झाल्यावर सुट्टी मागणं त्यांनाही जड जाईल.