संगणकातील उत्क्रांती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जेनेटिक अल्गोरिदम आणि कृत्रिम जीवन या विषयांवर नागपूरच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा घाऊक मालाचा व्यवसाय असून कळमन्याच्या गोदामातून रोज एक गाडी शहरातील पंधरा दुकानांत माल टाकून परत येते. गाडीचा मार्ग ठरवून देणारे, जेनेटिक अल्गोरिदमवर चालणारे सॉफ्टवेअर घ्यावे, असा एका विक्रेत्याचा आग्रह आहे. हा प्रकार नेमका काय आहे आणि तो मला उपयोगी पडेल का? (एक व्यापारी, वर्धमाननगर)

उत्तर : गोदामातून निघून पंधराही दुकाने एकेकदा घेऊन परतण्याचे, सुलट आणि उलट फेरी एकच धरली तरी, ६५ हजार ३८३ कोटींहून अधिक क्रम होतात आणि आणखी एकच दुकान वाढले तर हा आकडा सोळा पटींनी फुगतो. सगळे क्रम तपासत न बसता पुरेसा चांगला क्रम शोधण्याची एक रीत मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी विकसित केली आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. तीच जेनेटिक अल्गोरिदम या नावाने ओळखली जाते. आधी शंभरएक क्रम निव्वळ यदृच्छेने तयार करायचे, प्रत्येकाला त्याच्या अंतरानुसार गुण द्यायचे, जास्त गुणांच्या क्रमांना पुढच्या पिढीचे पालक होण्याची अधिक संधी द्यायची, दोन पालकांचे तुकडे जोडून, म्हणजे संकर करून, संतती तयार करायची, तिच्यात क्वचित कुठेतरी किरकोळ बदल करायचा आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

तुकडे जोडणे वाटते तितके सरळ नाही. समजा, सहाच दुकाने आहेत. एका पालकाचा क्रम गांधीबाग, इतवारी, महाल, सक्करदरा, मानेवाडा, प्रतापनगर असा आहे आणि दुसऱ्याचा महाल, प्रतापनगर, गांधीबाग, मानेवाडा, इतवारी, सक्करदरा असा. पहिल्याचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध जोडला, तर गाडी इतवारीला दोनदा जाते आणि प्रतापनगरचा दुकानदार मालाची वाट पाहत बसतो. म्हणून पहिल्याचा पूर्वार्ध तसाच ठेवून उरलेली दुकाने दुसऱ्या पालकात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने भरतात. मग गांधीबाग, इतवारी, महाल, प्रतापनगर, मानेवाडा, सक्करदरा असा वैध क्रम मिळतो, आणि योगायोगाने तो दोन्ही पालकांपेक्षा सोयीचाही आहे.

आता आपल्या व्यवहाराचे. सोळा ठिकाणांसाठी केवळ कमीत कमी अंतराचा मार्ग हवा असेल, तर या पद्धतीची गरज नाही. १९६२ पासून ज्ञात असलेली गणिती पद्धत वापरून साधा संगणकही अचूक उत्तर क्षणार्धात काढतो, आणि जेनेटिक अल्गोरिदम अचूकतेची हमी कधीच देत नाही. तेव्हा विक्रेत्याला आधी हे विचारावे की, त्याचे सॉफ्टवेअर अंतराखेरीज आणखी काय जमेस धरते. इतवारीत ठरावीक वेळेतच गाडी नेता येते, एक दुकान दुपारी बंद असते, जड पेट्या शेवटी उतरवून चालत नाही, अशा अटी वाढत गेल्या आणि त्यांचे सुबक समीकरण मांडता येईनासे झाले, की ही पद्धत आपली किंमत वसूल करते. मात्र गुण देण्याचा नियम, ज्याला फिटनेस फंक्शन म्हणतात, तो स्वतः बसून ठरवावा. एखादे दुकान वगळल्याबद्दलचा दंड फेरीत वाचणाऱ्या डिझेलपेक्षा स्वस्त ठेवला असेल, तर प्रोग्राम लांबचे दुकान बिनदिक्कत वगळेल आणि त्याच्या हिशेबाने ते सर्वोत्तम उत्तर असेल.

प्रश्न : काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरला, की मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे मिळतात. संगणकातही चांगले उत्तर सापडल्यावर त्याचीच नक्कल करून थोडेथोडे बदल करावेत. संकराचा खटाटोप कशासाठी? (एक बागाईतदार, मुक्काम नागपूर)

उत्तर : आपण सुचवता तो मार्ग हॉलंड यांच्या ग्रंथाच्या आधीच यशस्वी झाला होता. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेशेनबर्ग, हान्स-पॉल श्वेफेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ च्या सुमारास पाच बिजागऱ्यांची एक घडीची पट्टी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. प्रत्येक बिजागरीच्या ५१ स्थिती शक्य होत्या, म्हणजे एकूण आकार ३४ कोटींहून अधिक. यदृच्छेने कोन थोडे बदलायचे, वाऱ्याचा अवरोध मोजायचा, नवा आकार सरस ठरला तर ठेवायचा, नाहीतर जुन्यावर परतायचे, एवढ्याच नियमाने ती वेडीवाकडी पट्टी हळूहळू सपाट झाली. एक पालक, एक अपत्य, संकर नाही. बदलाचे काम कलमी बागेतही निसर्ग करतोच. लिंबूवर्गीय फळांच्या कितीतरी जाती एखाद्या फांदीच्या डोळ्यात झालेल्या उत्परिवर्तनातून मिळालेल्या आहेत.

संकराचा लाभ तेव्हा होतो, जेव्हा उत्तराचे चांगले भाग एकमेकांवर फारसे अवलंबून नसतात आणि एका पालकातील एक चांगला भाग दुसऱ्यातील दुसऱ्याशेजारी सुखाने नांदू शकतो. भाग एकमेकांत गुंतलेले असतील, तर संकर चांगले उत्तर मोडून टाकतो. हॉलंड यांची सारी भिस्त संकरावर होती. आजचे जाणकार तितके ठाम नाहीत आणि माझा कलही त्यांच्याकडेच आहे. सर्वोत्तम उत्तर न मोडता पुढच्या पिढीत जसेच्या तसे नेण्याची सोय मात्र बहुतेक प्रोग्रामांत असते. ते आपले कलमच म्हणा.

प्रश्न : अशा पद्धतीने तयार झालेली यंत्रे कशी चालतात हे माणसाला कळत नाही, असे वाचले. मग त्यांवर विश्वास कसा ठेवायचा? (एक निवृत्त अभियंता, प्रतापनगर)

उत्तर : दोन उदाहरणे पाहावीत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९० च्या दशकात, जोडण्या हव्या तशा बदलता येतील अशा चिपच्या एका कोपऱ्यातील शंभर घटकांवर, एक किलोहर्ट्झ आणि दहा किलोहर्ट्झ हे दोन स्वर वेगळे ओळखणारे सर्किट उत्क्रांत केले. वेळ मोजणारे घड्याळ त्यांनी मुद्दामच दिले नव्हते. काही हजार पिढ्यांनंतर सर्किट बिनचूक चालू लागले. पण त्यातील काही घटक इतरांना कोणत्याही तारेने जोडलेले नसतानाही त्यांना एकाच स्थितीत अडकवून ठेवले की काम बिघडत होते. उत्क्रांतीने त्या विशिष्ट सिलिकॉनच्या सूक्ष्म विद्युत गुणधर्मांचा उपयोग करून घेतला होता. त्यामुळे तीच रचना त्याच चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात किंवा दुसऱ्या चिपवर नेली की ढासळत असे आणि प्रयोगशाळेच्या तापमानापासून फार दूर गेले तरी कुरकुरत असे. नवतप्यातील नागपुरात तिचे काय झाले असते, याची कल्पना आपल्यासारख्या अभियंत्याला सहज येईल. यात सर्किटचा दोष कोणता? अनेक चिपांवर आणि अनेक तापमानांत चालावे, अशी अट त्याला घातलीच नव्हती.

उलट, नासाच्या एम्स केंद्रात उत्क्रांत केलेला अँटेना २००६ मध्ये स्पेस टेक्नॉलॉजी ५ या मोहिमेच्या लघुउपग्रहांवर अवकाशात गेला आणि व्यवस्थित चालला. कोणी कागदावर असे काही काढले असते, तर वरिष्ठांनी ते परत केले असते, अशी ती वेडीवाकडी वाकवलेली तार होती. पण उड्डाणापूर्वी तिची चाचणी अन्य कोणत्याही अँटेनाइतकीच काटेकोरपणे झाली. मोहिमेची नियोजित कक्षा मध्येच बदलली, तेव्हा नवे निकष देऊन थोड्याच अवधीत नवा आकार मिळवता आला, हा या पद्धतीचा खरा फायदा मला वाटतो. कसे चालते ते कळले नाही तरी कुठवर चालते हे मोजता येते, आणि विश्वास त्या मोजमापावर ठेवायचा. परंतु माणसाच्या जिवाशी गाठ असेल तेथे मी एवढ्यावर समाधान मानणार नाही.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवत असे. निसर्गात गुण देणारा परीक्षक नसतो. मग गुणपत्रिका पाहून केलेल्या निवडीला उत्क्रांती का म्हणावे? आणि संगणकातील प्रोग्रामला ‘जीवन’ म्हणण्याचे धाडस शास्त्रज्ञ कसे करतात? (एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. गुण देऊन केलेली निवड ही नैसर्गिक निवडीपेक्षा पशुपैदास करणाऱ्याच्या निवडीला अधिक जवळची आहे. नेमका हा परीक्षक हटवण्याचा प्रयत्न कृत्रिम जीवनाच्या काही संशोधकांनी केला. या विषयाला स्वतंत्र नाव आणि व्यासपीठ मिळाले ते क्रिस्टोफर लँग्टन यांनी १९८७ मध्ये लॉस अलामॉस येथे भरवलेल्या परिषदेमुळे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर देणारा प्रयोग त्यानंतरचा आहे.

टॉम रे हे उष्णकटिबंधातील जंगलांचा अभ्यास करणारे परिसरशास्त्रज्ञ. १९९० मध्ये त्यांनी ‘टिएरा’ नावाची व्यवस्था उभारली. संगणकाच्या स्मृतीचा एक मर्यादित भाग, त्यात स्वतःची नक्कल करणारा ८० सूचनांचा एकच प्रोग्राम, नकलेत अधूनमधून होणाऱ्या चुका, आणि जागा भरली की साधारणपणे सर्वांत जुन्यांना काढून टाकणारा एक यमदूत, एवढीच सामग्री होती. कोणता प्रोग्राम चांगला हे कोणीही ठरवत नव्हते. जागा कमी आणि वेळ कमी, म्हणून लवकर नक्कल करणारे वाढले, इतकेच. लवकरच ४५ सूचनांचे प्रोग्राम दिसू लागले. त्यांत नक्कल करण्याचा भागच नव्हता. ते शेजाऱ्याचा तो भाग वापरून स्वतःची नक्कल करून घेत, म्हणजे ते परजीवी होते. परजीवी फार वाढले की यजमान घटत आणि यजमान घटले की परजीवीही आटत. पुढे परजीवींना दाद न देणारे यजमान आले, आणि मग परजीवीलाच फसवून त्याच्या वाट्याचा प्रक्रियावेळ, म्हणजे सूचना चालवण्यासाठी मिळणारा संगणकाचा वेळ, लाटणारेही आले. रे यांनी यांपैकी काहीही लिहून ठेवलेले नव्हते. वर्गात यजमान-परजीवी संबंध शिकवताना फळ्यावर जो आलेख आपण काढला असेल, तो येथे कोणी न सांगता उमटला.

हे सजीव आहेत का? माझ्या मते नाहीत, कारण त्यांची ‘भूक’ म्हणजे प्रक्रियावेळ, आणि तो त्यांना बाहेरून आयता मिळतो. स्वतःचे शरीर टिकवण्यासाठी ऊर्जा मिळवण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच राहत नाही. या क्षेत्रात दोन्ही मतांचे लोक आहेत. पण सजीव नसले तरी उत्क्रांत होतात, याबद्दल मला शंका वाटत नाही, आणि जीवशास्त्रज्ञाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. रिचर्ड लेन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘अविडा’ या व्यवस्थेतील ५० समूहांवर केलेले काम पाहावे. तेथे सोप्या तार्किक क्रियांना बक्षीस दिल्यावर २३ समूहांत एक अवघड क्रिया उत्क्रांत झाली. सोप्या क्रियांचे बक्षीस काढून घेतल्यावर ५० पैकी एकाही समूहात ती झाली नाही. पूर्वजांची नोंद सूचनेगणिक उपलब्ध असल्याने त्या वाटेवरची काही उत्परिवर्तने घडली त्या क्षणी हानिकारक होती, हेही दिसले. जीवाश्मांतून असा वंशवृत्तांत कधी मिळाला नसता. बक्षीस आले म्हणजे परीक्षकही परत आला, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. परीक्षकाविना चालणाऱ्या व्यवस्था काही काळाने नवे काही निर्माण करेनाशा होतात आणि पृथ्वीवरील जीवसृष्टी तशी का थबकली नाही, यावर या क्षेत्रात आजही काथ्याकूट चालू आहे.

प्रश्न : माझा प्रकल्प जेनेटिक अल्गोरिदमवर आहे. प्रोग्राम दर वेळी वेगळे उत्तर देतो. बिघाड आहे का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, हिंगणा रोड)

उत्तर : नाही, यदृच्छा हा पद्धतीचाच भाग आहे. यादृच्छिक संख्यांचे बीज, म्हणजे त्या जिच्यापासून काढल्या जातात ती सुरुवातीची संख्या, निश्चित केले, की तीच धाव पुन्हा मिळते. प्रत्येक पिढीतील सर्वोत्तम गुणांसोबत सरासरीही नोंदवा. दोन्ही लवकर एकत्र येऊन आडव्या रेषेत जात असतील, तर समूहातील सगळी उत्तरे एकमेकांच्या नकला झाली आहेत. समूहाची संख्या किंवा उत्परिवर्तनाचा दर वाढवून पाहा. एकाच वेळी खर्चही कमी आणि मजबुतीही जास्त हवी असेल, तर आयआयटी कानपूरमध्ये असताना कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली एनएसजीए-२ ही पद्धत अभ्यासा. आणि अहवालात तितकीच उत्तरे निव्वळ यदृच्छेने तपासल्यास काय हाती लागते, त्याचा तक्ता शेजारी अवश्य द्या, कारण बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.