पुनरुत्थानाला पुरावा आहे का? आधी पौलाचं पत्र वाचा

तुम्ही विचारलंय, येशू मेलेल्यांतून उठला याला इतिहासात काही आधार आहे की सगळा श्रद्धेचाच मामला? मी ख्रिस्ती आहे, तेव्हा माझा कल कुठे ते आधीच सांगून ठेवतो.

टॅसिटस या रोमन इतिहासकारापासून सुरुवात करू नका. रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने ख्रिस्ताला देहदंड झाला हे तो सांगतो, पुन्हा उठल्याचं काही नाही.

मी पौलापासून, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या एका सुरुवातीच्या प्रचारकापासून, सुरुवात करतो. त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र (बायबलमधलं) इ.स. ५५ च्या आसपासचं, वधस्तंभानंतर जेमतेम २०-२५ वर्षांचं. त्याच्या १५ व्या अध्यायात मेल्यानंतर येशू कुणाकुणाला दिसला त्याची यादी आहे: केफा म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, शेवटी पौल स्वतः. मला मिळालं तेच तुम्हाला दिलं, असं तो म्हणतो. मिळालं कुठून? गलतीकरांना लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात तो यरुशलेमेत केफाकडे १५ दिवस राहिल्याचं आणि प्रभूचा (येशूचा) भाऊ याकोब भेटल्याचं लिहितो. म्हणजे यादीतली दोन माणसं त्याच्या प्रत्यक्ष ओळखीची. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो जोडतो. (नाव मात्र एकाचंही देत नाही, आणि करिंथहून यरुशलेमेला विचारायला जाणार कोण, ही शंका रास्तच.)

येशूची कबर रिकामी असल्याचं आधी बायकांनी पाहिलं, हा रिकाम्या कबरीचा मुद्दा मला जरा कच्चा वाटतो. बायकांची साक्ष तेव्हा कमी धरत, म्हणून ती गोष्ट रचलेली नसणार, हे आमच्याकडे प्रवचनात हमखास येतं. पण प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला बायकाच जाणार ना! त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) शेवट पाहा. चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत तो १६:८ लाच थांबतो: बायका भिऊन पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. गोष्ट रचायचीच तर असा शेवट कोण करेल?

पेत्राला येशू दिसला ते दुःखातून झालेला भास म्हणून समजावता येईल. पौल तर आधी मंडळीचा, म्हणजे येशूच्या अनुयायांचा, छळ करत होता, आणि योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तरी याकोब यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला, असं पौल सांगतो; आणि इ.स. ६२ मध्ये तो दगडमार होऊन मेला, असं ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो. यातून त्यांची खात्री सिद्ध होते, घटना नाही. मेलेला उठूच शकत नाही असं आधीच ठरवलं तर भासच उरतो. देव मानणाऱ्याला आणखी एक वाट मोकळी असते. मी ती धरली.

करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १५ वा आणि गलतीकरांच्या पत्राचा पहिला अध्याय लागोपाठ वाचा, अर्धा तासही लागणार नाही. मग याकोबाचं काय झालं असावं, तुमचं मत लिहा.